पाताळात जाऊन आलो, मजा आली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या विज्ञानकादंबऱ्यांवरच्या सिनेमांबद्दल लेख आला होता, तो वाचला, पेपर घडी घालून ठेवून दिला, तरी डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायलाच बसले. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यूल्स व्हर्नसारख्या जुन्या फ्रेंच लेखकाचं पुस्तक घ्यायचं, त्यातलं विज्ञान काढून फेकायचं, मग त्यात डायनासोर आणि पाचकळ विनोद कोंबायचे आणि पोरांना थ्रीडीचे चष्मे लावून बसवायचं, ही मूळ लेखकाची थट्टा आहे. उदाहरणाला त्यांनी नेमका २००८ चा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' धरला, ब्रेंडन फ्रेझरवाला. आता योगायोग बघा, तोच सिनेमा आम्ही घरात आदल्या दिवशी रात्री बघितला होता, मी, माझा दहा वर्षांचा भाचा आणि माझे वडील, आणि तिघांनाही जाम आवडला. बरं तिघांची कारणं वेगळी, एकाचं दुसऱ्याला पटत नाही, पण आवडला हे नक्की.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगते. ट्रेव्हर हा भूगर्भशास्त्राचा प्रोफेसर, त्याची लॅब बंद पडायला आलेली, त्याचा भाऊ मॅक्स काही वर्षांपूर्वी गायब झालेला. मॅक्सचा मुलगा शॉन, वय तेरा, चेहऱ्यावर कायम 'मला इथे का आणलंय' असा भाव, तो थोडे दिवस काकाकडे राहायला येतो आणि सोबत बापाच्या सामानाचा एक खोका आणतो. त्या खोक्यात व्हर्नची कादंबरी असते आणि तिच्या समासात मॅक्सने खरडलेल्या नोंदी. झालं, काका-पुतण्या आइसलंडला. तिथे हॅना नावाची वाटाडी भेटते (ही अनिता ब्रीम खरोखरच आइसलंडची आहे), तिघं डोंगरावर चढतात, विजा कडाडायला लागतात म्हणून गुहेत शिरतात, गुहेचं तोंड ढासळतं, आणि मग मागे जाता येत नाही म्हणून खाली जात राहतात. बस, एवढंच. दीड तासाचा सिनेमा आहे, उगाच ताणलेला नाही.

वडिलांना काय आवडलं तर पुस्तक. त्यांनी व्हर्न लहानपणी भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचलेला, अजून त्यांना ओळीच्या ओळी आठवतात, म्हणजे ते म्हणतात आठवतात म्हणून, आम्ही काही पडताळून बघत नाही. या सिनेमात गंमत अशी केलीये की कादंबरी ही कादंबरी म्हणूनच आहे, पात्रांच्या हातात. व्हर्नने लिहिलं ते खरंच घडलं होतं असं मानणारे लोक या गोष्टीत आहेत, हॅनाचे वडील त्यातलेच, आणि खाली गेल्यावर ही तिघं पुस्तक उघडून बघतात की आता पुढे काय असणार. त्यामुळे आमच्याकडे असं चाललं होतं की पडद्यावर शॉन पान उलटायच्या आधी वडील सोफ्यावरून सांगायचे, "आता समुद्र लागेल बघ," आणि समुद्र लागायचा. "आता तराफा." तराफा. भाच्याला आधी वाटलं आजोबांनी हा सिनेमा चोरून बघितलाय. मग कळलं की त्यांनी पुस्तक वाचलंय, आणि त्याच्या डोळ्यात आजोबांचा भाव एकदम वधारला.

भाच्याला आवडलं ते पडणं. त्या सीनचं मी जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते सिनेमातला सगळ्यात भारी प्रकार तोच आहे. एका दगडी फरशीवर ही तिघं उभी असतात, पायाखाली सगळं चमचमतंय, आणि प्रोफेसरच्या लक्षात येतं की ही फरशी म्हणजे मस्कोव्हाइट आहे, म्हणजे आपलं अभ्रक. तडा जायला लागतो, श्वास रोखून उभी राहतात, आणि मग फरशी फुटतेच. पडतात. ओरडतात. ओरडून ओरडून दमतात, गप्प होतात, एकमेकांकडे बघतात, लक्षात येतं की आपण अजून पडतोच आहोत, मग परत ओरडायला लागतात. भाचा इतका हसला की मागे घेऊन दोनदा लावायला लागला.

मग प्रश्न आलाच, "मावशी, पृथ्वीच्या मध्यापर्यंत पडायला किती वेळ लागेल?" आता मी काही शास्त्रज्ञ नाही पण भागाकार येतो. हवेतून पडणारा माणूस साधारण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग धरतो आणि मग तो वाढत नाही, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, भागलं तर आले जवळपास ३२ तास. भाचा म्हणाला मग मधे झोपत असतील. वडील म्हणाले अरे खाली खाली जाशील तसं शेवटी वजनच कमी होत जातं, अगदी मध्यावर तर शून्य, म्हणजे ३२ पेक्षाही जास्त लागतील. आणि भोकातली सगळी हवा काढून टाकली तर वीसेक मिनिटांत पोचशील, पण मग श्वास कशाने घेणार. यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला आणि सिनेमा तिथेच थांबवून ठेवलेला. लेखकमहाशय, विज्ञान काढून टाकलंय म्हणता ना, मग हे काय होतं आमच्याकडे?

अभ्रकाचंही तसंच. भाच्याच्या दगडगोट्यांच्या डब्यात एक अभ्रकाचा तुकडा होता, कधीतरी त्याने गोळा केलेला, त्याला नावही माहीत नव्हतं, नुसता 'चमकीचा दगड'. सिनेमा संपल्यावर तो डबा निघाला. नखाने कड उचलली की पापुद्रा सुटतो, मग त्या पापुद्र्याचा आणखी पापुद्रा, कांद्यासारखा, फक्त हा काचेसारखा आरपार दिसणारा. रशियात एके काळी खिडक्यांना काचेच्या जागी हेच लावायचे, त्यावरूनच मस्कोव्हाइट नाव पडलं, मस्कोव्ही म्हणजे जुना रशिया. भाच्याने एक पापुद्रा डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यावर उभं कोण राहील?" बरोबर आहे, नखाने सोलता येतं ते. म्हणजे सिनेमातल्या प्रोफेसरला घाम फुटतो तो उगाच नाही.

आता मी काही आंधळी भक्त नाही, सिनेमात गडबडी आहेत आणि भरपूर आहेत. तो थ्रीडीसाठी काढलेला सिनेमा, दिग्दर्शक एरिक ब्रेविग मूळचा स्पेशल इफेक्टवाला माणूस, त्यामुळे दर पाच मिनिटांनी काहीतरी आपल्या नाकावर यायलाच पाहिजे असा हट्ट. थिएटरात चष्मा लावून ते छान वाटलं असेल, पण घरच्या साध्या टीव्हीवर फ्रेझर मोजायची टेप कॅमेऱ्यात खुपसतो, बेसिनमध्ये चूळ टाकतो ती आपल्याच तोंडावर आल्यासारखी, तेव्हा वाटतं की हा माणूस असा का वागतोय. वडिलांनी तर विचारलंच, याला काही होतंय का. तरंगणारे चुंबकी दगड आहेत, शॉन त्यांच्यावर उड्या मारत दरी ओलांडतो, दिसायला फार सुंदर, पण लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलं की चुंबकाला दाद द्यायचं बंद होतं, तेव्हा इतक्या खोल असलं काही टिकायचं नाही. आणि तो शेवटचा डायनासोर, तो नसता तरी चाललं असतं, पळापळ करायची म्हणून आणलेला पाहुणा वाटतो. बाहेर पडायची युक्ती मात्र मजेशीर आहे, खालून लाव्हा तापतोय, भिंतीपलीकडे पाणी, भिंतीत मॅग्नेशियम, ते पेटवायचं की पाण्याची वाफ होऊन सगळ्यांना वर फेकून देईल, आणि डायनासोरच्या कवटीत बसून ही मंडळी व्हेसुव्हियसमधून थेट इटलीतल्या द्राक्षमळ्यात. पुस्तकात ते स्ट्राँबोलीतून, म्हणजे इटलीतल्याच दुसऱ्या ज्वालामुखीतून बाहेर येतात. इटली तर इटली, तेवढी सूट दिली मी.

आणि हसण्यावारी चाललेल्या सिनेमात एक जागा अशी येते की सगळे गप्प होतात. खाली त्यांना मॅक्सच्या खुणा सापडतात, म्हणजे शॉनचा बाप परत येणार नाही हे पक्कं कळतं, आणि त्याच्या वहीतलं पोरासाठी लिहिलेलं ट्रेव्हर वाचून दाखवतो. फार रडारड नाही, दोन-तीन मिनिटांचा सीन. भाचा माझ्या बाजूला सरकून बसला. मला सिनेमा आवडला तो यासाठी. त्याआधी शॉन कंटाळलेला पाहुणा असतो आणि ट्रेव्हर त्याचं काय करायचं ते न कळणारा काका, त्यानंतर दोघं एकमेकांचे होतात. हा शॉनचं काम करणारा जॉश हचरसन पुढे 'हंगर गेम्स'मध्ये मोठा झालेला दिसतो, इथे अजून आवाज फुटायचा बाकी आहे असं वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. लेखात असं गृहीत धरलंय की व्हर्न म्हणजे गंभीर माणूस आणि सिनेमावाल्यांनी त्यात विनोद घुसडला. मला शंका आहे की लेखकमहाशयांनी ती १८६४ ची कादंबरी लहानपणी वाचली आणि मग परत हातात धरली नाही. मी या आठवड्यात परत वाचली. अहो ती विनोदीच आहे हो! हॅम्बुर्गचा तो प्रोफेसर लिडेनब्रॉक, खनिजांचा एवढा मोठा जाणकार पण वर्गात खनिजांची अवघड नावं उच्चारताना अडखळतो आणि पोरं त्या अडखळण्याची वाट बघत बसतात. जुन्या पुस्तकात एक सांकेतिक लिपीतली चिठ्ठी सापडते तर तिचा उलगडा होईपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही असा फतवा, दाराला कुलूप. ॲक्सेल, म्हणजे प्रोफेसरच्याच घरात राहणारा त्याचा पुतण्या (की भाचा, ते पुढे सांगते), बिचारा भुकेने कासावीस, उकडतंय म्हणून तोच कागद पंख्यासारखा हलवतो आणि मागच्या बाजूने शब्द दिसतात, अरे हे तर उलटं वाचायचं! एवढा मोठा शोध कसा लागला, तर वारा घेताना. मग कोपनहेगनला गेल्यावर काका त्याला एका चर्चच्या मनोऱ्यावर चढवतो, ज्याचा जिना बाहेरून गोल गोल वर जातो, आणि रोज खाली बघायला लावतो, पाच दिवस, का तर खोल दरीत बघायची सवय व्हावी. ॲक्सेल चक्कर येऊन कोलमडतो तरी दुसऱ्या दिवशी परत. आणि हान्स! तो आइसलंडचा वाटाड्या, एक शब्द बोलत नाही, पृथ्वीच्या पोटात तराफ्यावर बसलाय, वर जिवंत जाऊ की नाही माहीत नाही, पण शनिवार आला की हात पुढे, आठवड्याचा पगार. प्रोफेसर मोजून देतो. मी एकटीच हसत होते. सिनेमातली हॅनासुद्धा आधी पैशाचं बोलून मगच डोंगर चढते, मला वाटतं ती हान्सचीच आठवण असावी.

(मधेच एक. लिडेनब्रॉक हा ॲक्सेलचा काका की मामा यावर आमच्याकडे दोन दिवस भांडण आहे. फ्रेंचात काका-मामाला एकच शब्द, त्यांना फरक पडत नाही, आपल्याला पडतो. वडील म्हणतात इतका तापट आहे म्हणजे काकाच, मामा असा नसतो. मला दोन्ही प्रकारचे माहीत आहेत.)

आणि विज्ञान म्हणाल तर पृथ्वीच्या पोटात उष्णता असणार मग माणूस जाणार कसा, हा प्रश्न ॲक्सेल स्वतःच पुस्तकात विचारतो, आणि काका त्याला हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाचं नाव सांगून गप्प करतो, की आतली उष्णता ही वरवरच्या रासायनिक क्रियेची आहे वगैरे. त्या काळात हा वाद खरंच चालू होता. पृथ्वीला आतला घन गाभा आहे हे इंगे लेहमान या शास्त्रज्ञ बाईंनी भूकंपाच्या लहरींवरून दाखवलं ते १९३६ मध्ये, व्हर्नने लिहिल्यावर ७२ वर्षांनी. रशियाच्या कोला भागात १९७० पासून खणत होते, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोचले आणि तिथे १८० अंश उष्णता, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, पुढे खणणंच अशक्य झालं. बारा किलोमीटर, ६३७१ पैकी. आणि ते भोक केवढं रुंद, तर वीतभर. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपण अजून सालसुद्धा सोललेलं नाही.

एक तक्रार माझी मात्र सिनेमावाल्यांकडे आहेच, आणि ती लेखातल्या तक्रारीपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं. पुस्तकात ॲक्सेल अंधारात चुकतो, एकटा पडतो, दिवा विझतो, मग कुठूनतरी दगडातून काकाचा आवाज कानावर येतो. मग दोघं काय करतात, तर काकाने हाक मारायची आणि घड्याळात वेळ बघायची, ॲक्सेलने ऐकली की लगेच उत्तर द्यायचं. ४० सेकंद येतात. म्हणजे जायला २० यायला २०, आवाजाचा वेग सेकंदाला १०२० फूट, अंतर आलं २०,४०० फूट. मरणाच्या दारात बसून गणित! मला वाटलं १०२० फूट म्हणजे फारच कमी धरलेत, आपल्याला शाळेत जास्त शिकवलंय, पण जुना फ्रेंच फूट आपल्या फुटापेक्षा मोठा, साडेबत्तीस सेंटीमीटरच्या जरा आतबाहेर, त्याने गुणलं तर सेकंदाला ३३१ मीटर येतात, आणि शून्य अंशाच्या हवेत आवाजाचा वेग तेवढाच असतो. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. हा सीन सिनेमात हवा होता. काळोखा पडदा, दोन आवाज आणि टिकटिक, थ्रीडीचा एक पैसा खर्च न होता थिएटर गप्प बसलं असतं. तो सोडून डायनासोर घेतला याचं मला वाईट वाटतं, विनोद घातल्याचं नाही.

आणि हे हलकंफुलकं करण्याचं पाप आजचं नाही हो. १९५४ चा डिस्नेचा 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी', तोही व्हर्नच्याच कादंबरीवरचा, ज्याचं आजही लोक कौतुक करतात, त्यात कर्क डग्लस गिटार घेऊन गाणं म्हणतो आणि एका पाळलेल्या सीलशी त्याची दोस्ती असते. त्याच सिनेमात महाकाय स्क्विडशी मारामारी आहे, ती आधी शांत समुद्रावर संध्याकाळच्या उजेडात काढली होती, पण रबरी प्राण्याच्या तारा दिसायला लागल्या म्हणून सगळं परत रात्रीच्या वादळात काढलं, आणि स्पेशल इफेक्टचं ऑस्कर मिळालं. १९५९ चा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' घ्या, जेम्स मेसनचा. त्यात तर या मोहिमेबरोबर गर्ट्रूड नावाचं बदक जातं. बदक! पृथ्वीच्या मध्यावर! तिथल्या राक्षसी सरड्यांना पाठीवर पडदे चिकटवलेत, ते खरे इग्वाना होते, आणि बर्नार्ड हरमनने संगीताला व्हायोलिन वगैरे काही न घेता ऑर्गन लावलेत, पोटातून घुमल्यासारखे, ते ऐकून अजून काटा येतो. म्हणजे एकीकडे बदक आणि दुसरीकडे ते संगीत, आणि दोन्ही एकाच सिनेमात सुखाने नांदतात. मी तो कॉलेजात असताना बघितला होता. खलनायक शेवटी त्या बदकाला मारून खातो, ते मात्र मी अजून विसरले नाही.

लेखकमहाशयांना राग येऊ नये, त्यांचं पुस्तकावर प्रेम आहे हे दिसतंच. पण आमच्या घरात सध्या परिस्थिती अशी आहे की वडिलांची जुनी प्रत, जिचा पुठ्ठा कधीच गेलाय, ती भाच्याच्या उशाशी असते, तो मनोऱ्याच्या जिन्यापर्यंत आलाय, आणि समासात पेन्सिलीने काहीबाही लिहितो, मॅक्ससारखं. मी बघितलं गुपचूप. एका पानावर लिहिलंय, "इथे हान्स अजून आला नाही." दुसऱ्यावर ३२ तासांचा भागाकार परत करून बघितलाय, आणि चुकलाय.

आपली नियमित वाचक

ता. क. पत्र छापणार असाल तर कृपा करून येत्या रविवारी छापा, त्याआधी नको. शनिवारी आम्ही तो १९५९ चा सिनेमा लावणार आहोत, भाचा आजकाल पेपर माझ्याआधी उचलतो, आणि बदकाचं काय होतं ते त्याला अजून माहीत नाही.